फोटोतल्या मुलीला कोणी विचारलं?

साताऱ्याला माझ्या मामाचं लहानसं वाचनालय होतं. महिन्याची वर्गणी दोन रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. सगळ्या कादंबऱ्यांना मामा खाकी कागदाची कव्हरं घालायचा आणि पाठीवर शाईने नंबर टाकायचा. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांनाही तीच कव्हरं, पण त्यांची जागा वरच्या फळीवर, आणि त्या मागताना नाव घ्यायची पद्धत नव्हती. दुपारची जेवणं आटोपून शेजारपाजारच्या बायका यायच्या. पदराने कपाळ पुसत विचारायच्या, "भाऊ, चारशे बारा आलं का हो परत?" मी तेव्हा नववीत होते, सुट्टीत गल्ल्यावर बसायचे. चारशे बारा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, कारण मामा बाजारात गेला असताना ते मी कोपऱ्यात बसून एका दमात संपवलं होतं. त्याने माझं काय झालं असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर असं की मला आणखी पुस्तकं वाचावीशी वाटली.

पुढे वकील झाले. चार-पाच वर्षांनी बार रूममधले जुन्या निकालांचे खंड चाळताना तेच नाव समोर आलं: चंद्रकांत कल्याणदास काकोडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मी हातातलं काम बाजूला ठेवून तो निकाल उभ्या उभ्या वाचला.

१९६२ च्या दिवाळीत 'रंभा' मासिकाच्या अंकात काकोडकरांची 'श्यामा' ही लघुकादंबरी आली होती. ती अश्लील आहे अशी फिर्याद झाली. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरून २५ रुपये दंड केला, दंड न भरल्यास आठवडाभर साधी कैद, आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. पंचवीस रुपये वाचवायला कोणी दिल्ली गाठत नाही. नावावर बसलेला डाग त्यांना पुसायचा असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये ते सुटले. निकाल न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचा. त्यांनी 'श्यामा' सबंध वाचली; निशिकांत हा कवी, त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा, या सगळ्यांची गोष्ट एकत्र धरून पाहिली, सुटी वाक्यं उपटून पाहिली नाहीत. समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत, हे त्यांनी नोंदवलं. स्त्री-पुरुषसंबंधांचा उल्लेख आला एवढ्यावरून पुस्तक अश्लील ठरवायचं, तर तरुणांच्या हाती धार्मिक पुस्तकांखेरीज काहीच देता येणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरचा 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि लोक तो सहकुटुंब पाहायला गेले.

हा निकाल वाचून मी खूश झाले होते. मामाला पत्रही लिहिलं होतं. पुढे किती तरी वर्षं मला वाटायचं की अश्लीलतेच्या कायद्याबद्दल जे समजून घ्यायचं ते मला समजलं आहे: एका बाजूला लिहिणारा, दुसऱ्या बाजूला त्याला गप्प करू पाहणारं सरकार, आणि आपली जागा लिहिणाऱ्याच्या बाजूला. ती समजूत अपुरी होती. ती कशी अपुरी पडली हे सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

आधी कायद्याची बैठक सांगते. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचं, लिहिण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे, आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभा सरकारला दिली आहे. ज्या कारणांसाठी ती घालता येतात त्यांत 'सभ्यता किंवा नीतिमत्ता' हे एक कारण आहे. अश्लीलतेचा सगळा कायदा या दोन शब्दांच्या खुंटीला टांगलेला आहे. जुन्या दंड संहितेत ते कलम २९२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९४ झालं. सज्ञान माणसाने आपल्या घरात, एकट्याने, सज्ञान माणसांचं अश्लील चित्रण पाहिलं तर आपल्याकडे तो गुन्हा होत नाही. विकणं, वाटणं, छापणं, चारचौघांत दाखवणं आणि मोबाइलवरून पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. या शेवटच्या गोष्टीची बऱ्याच जणांना कल्पना नसते. मित्रांच्या ग्रुपवर आलेली क्लिप नुसती दुसऱ्या ग्रुपवर ढकलली, तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता अश्लील म्हणजे काय? कायद्याने हे ठरवायची जी फूटपट्टी घेतली ती इंग्लंडातली, १८६८ ची. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका गृहस्थाने कॅथलिक पाद्र्यांच्या पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करणारी एक पुस्तिका विकायला ठेवली होती. तिच्यावरच्या खटल्यात, ज्याला हिकलिन खटला म्हणतात, मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी कसोटी घालून दिली: ज्यांची मनं अशा वाईट प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांच्या हाती हे लिखाण पडलं तर ती मनं बिघडतील का? म्हणजे घरातल्या सगळ्यांत कोवळ्या, सगळ्यांत कमकुवत वाचकाच्या मापाने सगळ्यांची पुस्तकं मोजायची. ही फूटपट्टी मुंबईत किती काळ चालली, बघा. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. त्यासाठी त्यांना कोर्टात ओढलं गेलं. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. तरीही कर्व्यांना दंड झाला.

पुढे स्वातंत्र्य आलं, घटना आली, पण फूटपट्टी तीच राहिली. १२ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईच्या 'हॅपी बुक स्टॉल' या दुकानात पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकत घेतलं. दुकानाच्या चार भागीदारांना प्रत्येकी २० रुपये दंड झाला. बचावासाठी मुल्कराज आनंद साक्षीला उभे राहिले होते. ते प्रकरण, रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं आणि न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी दंड कायम ठेवला. इंग्लंडात त्याच पुस्तकाचा प्रकाशक १९६० मध्येच निर्दोष सुटला होता. हिकलिनला आपण रजा दिली ती थेट २०१४ मध्ये. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचा एक उघडा फोटो, तोही तिच्या वडिलांनीच काढलेला, जर्मन मासिकातून उचलून कोलकात्याच्या 'आनंदबाजार पत्रिके'ने १९९३ मध्ये छापला होता. त्यावरचा खटला रद्द करताना सर्वोच्च न्यायालय म्हणालं की यापुढे आजच्या समाजाच्या मापाने आणि संदर्भ लक्षात घेऊन पाहायचं.

या फोटोत दोन माणसं होती. दोघंही सज्ञान, दोघंही राजी. त्यावर वीस वर्षं कोर्टकचेरी झाली. हे मनात ठेवा, कारण आता मी दुसऱ्या फोटोंबद्दल सांगणार आहे.

गेल्या वर्षी, पावसाळ्यात, शनिवारी दुपारी एक बाई मुलीला घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. (मुलीची ओळख पटेल असं काही इथे मी ठेवलेलं नाही आणि तिने वाचून हो म्हटल्यावरच हे छापायला दिलं आहे.) आई खुर्चीच्या कडेला टेकल्या. छत्री मिटून बाहेर ठेवायचं भान नव्हतं, पाणी फरशीवर ठिबकत होतं. पहिलं वाक्य, "मॅडम, हिच्या वडिलांना यातलं काही माहीत नाही." मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, हिशेबाचं काम करणारी. साखरपुडा झाला होता, लग्न पाच महिन्यांवर होतं. त्या काळात होणाऱ्या नवऱ्याने मागितले म्हणून तिने दोन फोटो पाठवले. पुढे देण्याघेण्यावरून लग्न मोडलं. मोडल्यावर पंधरा दिवसांत तिच्या नावाचं खातं उघडलं गेलं, त्यावर ते दोन्ही फोटो, आणि त्याच्या गावच्या ग्रुपवर, तिच्या ऑफिसातल्या दोघांच्या मोबाइलवर तेच.

"पोलीस ठाण्यात गेलात का?" मी विचारलं.

गेल्या होत्या. चार दिवसांपूर्वीच. ठाणे अंमलदारांनी मोबाइल हातात घेतला, फोटो पाहिले, मोठे करून पाहिले, आणि विचारलं, "फोटो तूच काढलेस ना? तूच पाठवलेस ना? मग ताई, कलम ६७ मध्ये पाठवणाराही येतो. तक्रार लिहिली तर तुझंही नाव येईल त्यात." आईने तिथूनच मुलीचा हात धरून तिला घरी नेलं.

मी त्या अंमलदारांवर चिडले, पण रात्री घरी कायदा पुन्हा उघडून वाचला तेव्हा जास्त अस्वस्थ झाले. त्यांच्या बोलण्यात धमकी होती हे खरंच, पण ती त्यांनी हवेतून काढली नव्हती. कलम ६७ चे शब्द असे आहेत की कामवासना चाळवणारा मजकूर जो कोणी प्रसिद्ध करील किंवा पाठवील, तो गुन्हेगार. 'संमतीवाचून' हा शब्द त्यात कुठेच नाही. त्या कलमाच्या डोळ्यांनी पाहिलं तर विश्वासाने एका माणसाला फोटो पाठवणारी मुलगी आणि सूड म्हणून तोच फोटो गावभर वाटणारा पुरुष यांच्यात फरक फक्त संख्येचा उरतो. हिकलिनपासून चालत आलेला हा कायदा पाहणाऱ्याच्या मनाची काळजी वाहतो. पाहणारा बिघडेल का, समाज काय म्हणेल, माप जुनं की नवं. चित्रात कोण आहे आणि तिला हे चालणार होतं का, हा प्रश्न विचारायची सोयच त्यात नाही.

'श्यामा'च्या बाबतीत तो प्रश्न नव्हताच. निशिकांत, नीला, वनिता, श्यामा ही कागदावरची माणसं. कादंबरीच्या हजार प्रती निघाल्या काय, लाख निघाल्या काय, श्यामाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात जायचं नव्हतं. म्हणून काकोडकरांच्या बाजूने उभं राहणं मला सोपं गेलं आणि आजही सोपंच जातं. शब्दांनी, चित्रकाराच्या रेषांनी, नटांनी राजीखुशीने उभं केलेलं काहीही असो, ते मला आवडो न आवडो, तुरुंगाची भीती घालून ते थांबवू नये असं मी मानते. पण ज्या चित्रामागे खरं, जिवंत माणूस आहे आणि त्याने नाही म्हटलं आहे किंवा त्याला विचारलंच गेलेलं नाही, ते चित्र वाटणाऱ्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं नाव घ्यावं हे मला पटत नाही. त्याने व्यक्त काय केलं? तिचं काहीतरी उचललं आणि वाटलं.

सुदैवाने आपल्या कायद्यात या दुसऱ्या प्रश्नाची कलमं आता आहेत. ती विखुरलेली आहेत आणि पोलीस ठाण्यात सहसा आधी सुचत नाहीत, एवढंच. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून कलम ६६-ई आहे. कोणाच्याही, बाईच्या किंवा पुरुषाच्या, खासगी अवयवांचं चित्र त्या व्यक्तीच्या संमतीवाचून काढणं, प्रसिद्ध करणं, पाठवणं हा गुन्हा. २०१३ मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरच्या सुधारणांत, चोरून पाहण्याचं कलम आलं; ते आता न्याय संहितेत ७७ वं आहे. त्याच्या खाली एक छोटं स्पष्टीकरण आहे, माझ्या मते सबंध कायद्यातलं सर्वांत शहाणं: बाईने चित्र काढायला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्या कोणाला दाखवायला दिली नसेल, तर दाखवणं हा गुन्हा. एका वेळी एका माणसाला दिलेला होकार म्हणजे जगाला दिलेला होकार नव्हे, हे तिथे पांढऱ्यावर काळं झालं आहे. मुलीने स्वतःच काढलेल्या फोटोला हे स्पष्टीकरण लागू होतं का, यावर बचावाचे वकील वाद घालतात. घालू देत.

कोणतं कलम लागतं यावर पुढचं बरंच काही ठरतं, म्हणून थोडं बारकाईने सांगते. कलम ७७ लावलं की मुलीची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्यानेच, किंवा दुसऱ्या महिला अधिकाऱ्याने, नोंदवून घ्यायची असते. नुसतं ६७ लावलं तर ते बंधन नाही. मग तिला तोच तपशील पुन्हा त्याच टेबलापलीकडच्या पुरुषाला सांगावा लागतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, त्यामुळे "साहेब आल्यावर बघू" हे उत्तर ठरलेलं. आम्ही सोमवारी लेखी अर्ज घेऊन गेलो, त्यात ६६-ई आणि ७७ ही कलमं मी आकड्यांनिशी लिहिली होती. त्या दिवशी तिचा जबाब एका महिला उपनिरीक्षकांनी घेतला. दार लोटून घेतलं, मुलीला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न असा विचारला: "हे त्याने कोणाकोणाला पाठवावं, असं तू कधी म्हणाली होतीस का?" मुलगी पहिल्यांदा मान वर करून बोलली. "नाही, मॅडम." आरोपीला त्याच दिवशी जामीन मिळाला, कारण ही कलमं जामीनपात्र आहेत.

फोटो खाली उतरवायचं काम आम्ही शनिवारीच सुरू केलं होतं. २०२१ च्या नियमांनी समाजमाध्यमांच्या कंपन्यांवर बंधन घातलं आहे की नग्नतेचं किंवा खोटं जोडून तयार केलेलं असं चित्र असेल आणि त्यातल्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, तर ते ठरावीक मुदतीत काढायचं; तेव्हा ही मुदत २४ तासांची होती. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार करता येते. खोटं खातं रविवारी दुपारी गेलं. ग्रुपवर गेलेलं मात्र ज्याच्या त्याच्या मोबाइलात राहिलं.

काही न्यायालयांनी संमतीच्या या प्रश्नाकडे नीट पाहिलं आहे. पश्चिम बंगालमधल्या तामलुकच्या कोर्टाने २०१८ मध्ये मैत्रिणीचं खासगी चित्रण इंटरनेटवर टाकणाऱ्या तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्या मुलीला बलात्कारपीडितेप्रमाणे नुकसानभरपाई द्यावी असं सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयासमोर २०२१ मध्ये आलेलं प्रकरण मला त्याहून मोलाचं वाटतं. एका बाईचे फोटो तिच्याच समाजमाध्यमांवरच्या खात्यांतून उचलून कोणी तरी अश्लील संकेतस्थळावर टाकले होते. फोटो साधे होते. मापाने मोजले तर अश्लील नव्हतेच. न्यायमूर्ती अनुप भंभानी यांनी म्हटलं की तिच्या संमतीवाचून ते तशा जागी टाकणं हाच गुन्हा ठरतो. साडी नेसलेला फोटोही चुकीच्या चौकटीत बसवला की इजा करतो, हे ज्या घरात घडलं आहे तिथे समजावून सांगावं लागत नाही. आता तर यंत्रच चेहरा एकीचा आणि शरीर दुसरीचं जोडून देतं. तिथे ६६-ई लावायला गेलं की बचाव येतो, शरीर तिचं नाहीच, मग तिची खासगी जागा कशी? ही फट कायद्याने बुजवायला हवी आणि लवकर बुजवायला हवी.

मुलांच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. अमेरिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याला जेवढं संरक्षण आहे तेवढं क्वचितच कुठे असेल. तिथे अश्लीलतेचा निकष १९७३ च्या मिलर खटल्यात ठरला. पण १९८२ मध्ये, फर्बर खटल्यात, तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लहान मुलांच्या लैंगिक चित्रणाला हा निकष लावायचीच गरज नाही. ते अश्लील ठरो वा न ठरो, त्याला संरक्षण नाही, कारण ते तयार होतानाच एका मुलाला इजा झालेली असते. नजर पाहणाऱ्यावरून उचलून कॅमेऱ्यासमोरच्या मुलावर नेली, ती तिथे.

आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असाच ठाम निकाल दिला. मोबाइलात मुलांचं असलं चित्रण उतरवून नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. ते रद्द झालं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याप्रमाणे असं चित्रण हाती आलं तर ते नष्ट करणं किंवा कळवणं हे कर्तव्य आहे, आणि ते टाळून साठवून ठेवणारा गुन्हेगार ठरू शकतो. न्यायालयाने आणखी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये, असं सांगितलं, आणि त्याऐवजी मुलांचं लैंगिक शोषण व अत्याचाराचं चित्रण असं म्हणायला लावलं. पोर्नोग्राफी म्हटलं की कुठे तरी संमती गृहीत धरल्यासारखं होतं. मूल संमती देऊ शकत नाही. मग त्या चित्राला अत्याचाराचा पुरावा म्हणायचं, करमणुकीचा प्रकार म्हणायचं नाही.

त्या शनिवारी मुलीच्या आई म्हणाल्या होत्या, "मॅडम, हे सगळं बंदच का नाही करत सरकार?" त्यांचा संताप मला समजतो. सरकारने तसं करूनही पाहिलं आहे. ३१ जुलै २०१५ रोजी ८५७ अश्लील संकेतस्थळं बंद करायचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच बराचसा मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात सरन्यायाधीश दत्तू यांनी सुनावणीत विचारलं होतं की सज्ञान माणसाला त्याच्या चार भिंतींत पाहण्यापासून आम्ही कसं रोखणार? मला ते पटतं. शिवाय सरसकट बंदीने या मुलीला काय मिळालं असतं? तिचे फोटो त्या ८५७ ठिकाणी नव्हतेच. ते गावच्या ग्रुपवर होते, जिथे सकाळी सुप्रभातचे फोटो आणि दुपारी लग्नाच्या पत्रिका येतात.

आरोपपत्र दाखल झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली. कागदपत्रांची तपासणी करताना मला दिसलं की पुराव्याच्या पंचनाम्याला ते दोन्ही फोटो रंगीत छापून जोडले आहेत. आरोपपत्राची एक प्रत कोर्टाची, एक सरकारी वकिलांची, एक आरोपीची. प्रत्येकीला तेच जोडपत्र. म्हणजे ज्याने फोटो वाटले म्हणून खटला, त्यालाच कायद्याच्या हातून त्याच फोटोंची नवी प्रत मिळणार होती. यावरही उपाय आहे. केरळमधल्या एका अभिनेत्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे की अशा चित्रणाची प्रत आरोपीला देऊ नये. बचावासाठी लागलं तर कोर्टाच्या देखरेखीखाली त्याने आणि त्याच्या वकिलाने ते पाहावं. मी तो निकाल जोडून अर्ज दिला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. न्यायाधीशांनी तीन ओळींचा आदेश केला.

मुद्देमालाच्या खोलीत त्या दिवशी मुलगीही आली. मी सांगितलं होतं, यायची गरज नाही, पण तिला पाहायचं होतं. कारकुनांनी तिन्ही प्रतींतली जोडपत्रं काढली, उलटी धरूनच तपकिरी पाकिटात घातली. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली. लाल थेंब पाकिटाच्या पट्टीवर पडले, त्यावर पितळी शिक्का दाबला, पुन्हा दुसऱ्या टोकाला, पुन्हा मध्ये. जुन्या मराठीत अशा पाकिटाला लाखोटा म्हणतात. त्यांनी वर खटल्याचा नंबर लिहिला आणि खाली तिरक्या अक्षरात: न्यायालयाच्या आदेशाखेरीज उघडू नये.

तिने एका बोटाने लाख अजून गरम आहे का ते पाहिलं.

"हे शेवटी जाळतात का, मॅडम?"

"खटला संपला, अपिलाची मुदत गेली, की कोर्ट नष्ट करायला सांगतं."

"आणि लोकांच्या मोबाइलातले?"

कारकुनांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. पाकीट बंद होताना हजर म्हणून तिची सही हवी होती. तिने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि पेन टोपण लावून परत दिलं.